हाली, कलदार आणि खेळातले सोने

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगारांच्या इतिहासातील एखादा विषय घेण्यास सुचविले. रोलिंग मिलमधील भट्टीवाले किंवा मोंढ्यातील हमाल यांच्याविषयी आम्ही बोलू, असे त्यांना वाटले असावे. आम्ही विषय सांगितला तो मोबाइलवरच्या आणि संगणकावरच्या खेळांचा. चालक सज्जन आहेत. ते हसले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही ओळखतो, कारण वर्षापूर्वी तेच आमच्याही चेहऱ्यावर उमटले होते.

झाले असे. मंठा तालुक्यातला एक तरुण, येथील एका पोलाद कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, युनियनच्या कचेरीत येऊन बसला. "भाऊ, माझी आयडी इकली अन् पैसे बुडाले," म्हणाला. आयडी म्हणजे ओळखपत्र अशी समजूत होऊन आम्ही घाबरलो. मग उलगडा झाला. खेळात त्याने एक सोंग घेतले होते. रात्रपाळीहून येऊन दोन वर्षे त्या सोंगाला बळ, हत्यारे आणि कपडे मिळवून दिले होते. परराज्यातील कोणाला ते सारे खाते नऊ हजारांना द्यायचे ठरले. खाते गेले, पैसे आले नाहीत. आणि खाते विकणे नियमाविरुद्ध म्हणून खेळाच्या कंपनीने तेही बंद केले. "दोन साल राबलो तिच्यावर. याचा दावा कुठं लावायचा?"

'राबलो' हा शब्द आमच्या कानात राहिला. खेळलो, असे तो म्हणाला नाही. त्या एका शब्दापायी आम्ही हा इतिहास वाचावयास घेतला.

आमचे आजोबा जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहत. तेव्हा येथे निजामाचा हाली सिक्का चाले; रेल्वेने मनमाडला उतरले की इंग्रजांचा कलदार. सात हालींना सहा कलदार, हा साधारण भाव. हद्दीवर दोन नाणी भेटली की मध्ये सराफ बसतोच, आणि बट्टा जास्त बोचतो तो ज्याच्या गाठीला थोडे आहे त्याला, एवढे अर्थशास्त्र आजोबांना शाळेवाचून येत होते. हाली सिक्का १९५०च्या दशकात मागे घेतला गेला. खेळातले सोने हे अशाच एका संस्थानाचे नाणे आहे. टांकसाळ कंपनीची, कायदा कंपनीचा, आणि नाणे हद्दीबाहेर नेऊ नये असा तिचा हुकूम. पण हुकमाने बाजार थांबला, असे आम्ही अजून कोठे पाहिलेले नाही.

या खेळांचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो केला; त्यात चित्र नव्हते, नुसते शब्द. पैशाचा संबंध आला तो पुढे. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' हे खेळ अमेरिकेत निघाले. हजारो माणसे एकाच वेळी एका कल्पित मुलुखात सोंगे घेऊन वावरू लागली आणि थोड्याच दिवसांत त्या मुलुखातील तलवारी, घरे व नाणी ईबेच्या लिलावात खऱ्या डॉलरांना विकली जाऊ लागली. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये एक भुयार होते. तेथे बाजार भरवावा असे कंपनीने कधीच ठरविले नव्हते. पण येण्याजाण्याच्या सोयीमुळे खेळाडूच तेथे जमू लागले आणि ओरडून माल विकू लागले. आमच्याकडचे आठवडी बाजार याहून निराळ्या रीतीने जन्मले असतील असे आम्हांस वाटत नाही.

२००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने लिलावातील भावांवरून या नॉराथ नावाच्या मुलुखाचा हिशेब मांडला. दरडोई उत्पन्न सुमारे २,२६६ डॉलर. तासाची कमाई ३ डॉलर ४२ सेंट. अस्तित्वातच नसलेला हा देश त्या वेळच्या भारताहून कित्येक पट श्रीमंत निघाला! आम्हांस मात्र त्याच्या पाहणीतील दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. पाचांतील एक खेळाडू म्हणाला, आपण राहतो ते नॉराथमध्येच.

हे वेड म्हणून सोडून देता येईल. पण तेथे माणसे काय करीत होती ते पाहा. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. त्यातील मोठ्या स्वाऱ्यांना चाळीस माणसे एकदम लागत. चाळीस माणसे ठरल्या वेळी जमविणे काय असते, ते आमच्यासारख्या सभा भरविणाऱ्याला विचारावे. त्यासाठी खेळाडूंच्या मंडळ्या होत. गिल्ड म्हणतात त्यांना, आपण तालीम म्हणू. लूट थोडी आणि माणसे फार, म्हणून या तालमी हजेरीचे गुण मांडण्याची पद्धत वापरीत: जो रोज आला, दुसऱ्याच्या लढाईत उभा राहिला, त्याचा वाटा आधी. कंपनीने हे शिकविले नव्हते. आमच्या तरुणाच्या टोळीतही ओडिशाचा एक, बिहारचे दोघे आणि परभणीचा एक असे सोबती होते. एकमेकांची तोंडे त्यांनी पाहिली नव्हती, पण कोणाची पाळी केव्हा सुटते ते सर्वांना ठाऊक. एका खोलीत सहा जण झोपणाऱ्या पोराला ही सोबत किती लागते, हे कारखानदारांना कळणार नाही आणि आम्हांलाही उशिराच कळले.

आता श्रमाकडे येऊ. ज्याला वेळ नाही पण पैसे आहेत तो, ज्याला पैसे नाहीत पण वेळ आहे त्याच्याकडून बळ विकत घेतो. चीनमध्ये याचे कारखाने निघाले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने २००७ साली नानजिंगमधील एका कारखान्याचे वर्णन केले. रात्रीची बारा तासांची पाळी, महिन्यातून दोन-तीन सुट्ट्या. शंभर नाणी जमविली की कामगाराला सव्वा डॉलर. मालकाला तीन किंवा अधिक. आणि अमेरिकेतील गिऱ्हाईक तीच नाणी वीस डॉलरपर्यंत घेई. तासाला सुमारे तीस सेंट पडत, म्हणजे तेव्हाचे बारा रुपये. बाकीचा बट्टा कोठे गेला हे मोंढ्यातल्या माणसाला सांगावे लागणार नाही. वर खेळातले इतर खेळाडू या चिनी पोरांना शिव्या देत आणि त्यांची सोंगे गाठून मारीत. आणि पाळी संपल्यावर यांतलेच काही जण काय करीत? सायबर कॅफेत जाऊन तोच खेळ स्वतःसाठी खेळत. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसलो.

मँचेस्टरच्या रिचर्ड हीक्स यांनी २००८ साली जगातील अशा कामगारांचा अंदाज चार लाख केला. पुढे व्हेनेझुएलाचे नाणे कोसळले तेव्हा तेथील माणसे 'रुनस्केप' या जुन्या खेळात अजगर मारून पोट भरू लागली. फिलिपाइन्समध्ये २०२१ साली 'ॲक्सी इन्फिनिटी'चा बोलबाला झाला. खेळातले प्राणी विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला दुसरा आपले प्राणी देई आणि कमाईतून हिस्सा घेई. याला तिकडे 'स्कॉलरशिप' म्हणत. मराठवाड्यात बटाई म्हणतात. २०२२ साली भाव पडले. तोटा दोघांचाही झाला, पण बटाईदाराची चूल त्यावरच होती.

कायद्याचे म्हणाल तर दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये 'लिनिएज' या खेळातील नाण्यांचा व्यापार करणाऱ्या दोघांना निर्दोष ठरविले. ही नाणी जुगाराने नव्हे, वेळ आणि कष्ट घालून मिळतात, असा त्यातला मुद्दा. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या जुगाराने जिल्ह्यातली घरे बसताना आम्ही पाहिली आहेत, तेव्हा बंदीबद्दल आमची तक्रार नाही. पण तो प्रश्न पैजेचा. राबलेल्या तासांचा नव्हे. सामाजिक सुरक्षा संहितेत, २०२० साली, गिग कामगाराची व्याख्या आली. तीत आमच्या तरुणाला बसविण्याचा आम्ही एक संध्याकाळ प्रयत्न केला. बसला नाही. मालक कोण, हेच ठरेना.

शेवटी फसवणुकीचा अर्ज करावयाचे ठरले. एका कचेरीत आम्ही दोघे गेलो. कारकुनाने सर्व ऐकून घेतले, चष्मा कपाळावर सरकविला आणि गेलेल्या मालाच्या रकान्यात काय लिहू, असे आम्हांलाच विचारले. आम्ही तरुणाकडे पाहिले. तो म्हणाला, "मेहनत लिहा."

कारकुनाने थोडा विचार केला आणि 'इतर' असे लिहिले.