बालकांच्या अस्थिसंसर्गाचा इतिहास आणि औषधदान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाचे मोल बालकांच्या हाडांत व सांध्यांत होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या इतिहासावरून उमगते.

अस्थिमज्जेच्या या दाहाला 'ऑस्टिओमायलायटिस' हे नाव फ्रेंच शल्यचिकित्सक नेलातों यांनी १८४४ मध्ये दिले. १८७४ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक थॉमस स्मिथ यांनी तान्ह्या मुलांच्या सांध्यांत अकस्मात पू होण्याच्या २१ घटना नोंदविल्या; त्यांतील १३ बालके दगावली. १८८० मध्ये पाश्चर यांना गळवातील आणि हाडातील पुवात एकच जंतू आढळला. पुढे ऑगस्टन यांनी त्याला 'स्टॅफिलोकॉकस' असे नाव दिले.

वाढत्या हाडाच्या टोकाशी रक्तप्रवाह मंदावतो. रक्तातून आलेले जंतू तेथेच ठाण मांडतात. खुब्यात हाडाचा हा भाग सांध्याच्या आवरणातच असल्याने पू सांध्यात उतरतो. त्याच्या दाबाने व जंतूंच्या माऱ्याने कूर्चा झिजते, मांडीच्या हाडाचे डोके नष्ट होऊ शकते आणि मूल जन्मभर लंगडते.

प्रतिजैविके येण्यापूर्वी चिरा देऊन पू काढणे व सडलेले हाड खरवडणे एवढाच मुख्य उपाय होता. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. भारतात जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. मात्र जंतूंनीही लवकरच प्रतिकारशक्ती कमावली. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी काढलेल्या मेथिसिलिनलाही १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रतिकार आढळला. दुसरीकडे फिनलंडमधील पेल्टोला व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, बालकांच्या साध्या अस्थिसंसर्गात ३० दिवसांऐवजी २० दिवसांचा उपचारही पुरतो. हिब लसीकरणामुळे त्या जंतूचा संधिदाह अनेक देशांत जवळजवळ नाहीसा झाला. भारतात ही लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली.

एवढी प्रगती होऊनही एक शत्रू कायम आहे, तो म्हणजे विलंब. ताप असलेले मूल पाय टेकवीत नसेल, किंवा तान्हे बाळ एखादा हातपाय हलवीत नसेल, तर 'मुरगळले असेल' म्हणून तेल चोळीत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खुब्यात पू असल्यास तो तातडीने काढावा लागतो. गरजू कुटुंबातील अशा बालकास वेळेवर रुग्णालयात पोहोचविणे, हेही औषधदानच होय.