ठेच्यातलं तिखट मूळचं कुठलं?

आजच्या भागाची सुरुवात एका काचेच्या बाटलीपासून. पुण्यात माझ्या रूममेटनं मॉलमधून 'पिकान्ते सॉस' आणला. मी चमचाभर चाखला अन् तोंडातून निघालं, "अबे, हा तर टमाट्याचा पातळ ठेचा आहे!"

पिकान्ते म्हणजे स्पॅनिशमध्ये झोंबणारं. टमाटे, कांदा, मिरची, व्हिनेगर. १९४७ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरात डेव्हिड पेसनं तो या नावानं विकायला काढला. पण मूळ चव मेक्सिकोची. तिथं 'मोल्काहेते' नावाच्या तीन पायांच्या दगडी खलात मिरची-टमाटे रगडतात. आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी आई तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, शेंगदाणे भाजते, मीठ टाकते अन् तव्यातच तांब्याच्या बुडानं ठेचते. तिकडे सॉस अंड्यात, राजम्यात जातो. इकडे ठेचा भाकरीवर, भरताच्या वांग्यात, नाहीतर दह्यात कालवून.

आता गंमत. मिरची अमेरिका खंडातली. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. १४९२ मध्ये कोलंबस मसाल्यांच्या देशाला निघाला, पोहोचला भलतीकडे अन् त्याला मिरची सापडली. पुढे पोर्तुगीज जहाजांतून ती भारतात आली. १५१० पासून गोवा त्यांच्याच ताब्यात होतं. आपण तिला नाव दिलं मिरीवरून.

मग त्याआधी आपल्याकडे तिखट काय होतं? मिरी, आलं अन् पिंपळी. इंग्रजीतला 'पेपर', म्हणजे मिरी, हा शब्द 'पिप्पली'वरूनच ग्रीक-लॅटिन फिरून तिकडे गेलाय. आणि ही पिंपळी कुठं पिकते? आपल्याच तालुक्यात! तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात पानमळेवाले बारी शेतकरी पानपिंपळी लावत आलेत. मी लहानपणापासून ते वेल बघतोय, पण हे मसाल्याचं पीक आहे असं कधी डोक्यातच आलं नाही.

पिंपळी हरली ती चवीत नाही, कष्टात. तिला सावली लागते, ओल लागते, आधार लागतो. मिरचीचं बी टाका, रोप लावा, त्याच हंगामात तोडणी. गरिबाच्या भाकरीसोबत मग कोण टिकणार? पिंपळी गेली त्रिकटूत, सुंठ-मिरीच्या सोबतीला. जिभेला तसा फारसा फरक कळत नाही म्हणा. मिरचीतलं कॅप्सायसिन अन् पिंपळीतलं पायपरीन, दोन्ही मज्जातंतूंवरचं एकच बटन दाबतात.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला म्हटलं, आज ठेच्यात मिरचीऐवजी पानपिंपळी घालू.

"काहून रे? खोकला झाला का तुले?"

तरी चार शेंगा कुटून घातल्याच. आधी गोडसर लागलं, मग हळूहळू झोंबलं अन् जीभ बधिर झाली. बाबांनी एक घास खाल्ला, दुसऱ्या घासाला कच्ची हिरवी मिरची मागितली.