मॅनायंकची भिंत

फिलाडेल्फिया हे नाव मराठी घरांत पोहोचले ते आनंदीबाई जोशींमुळे. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एवढे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच शहराची दुसरी एक हकीकत आम्ही यंदा सांगणार आहोत, आणि ती सायकलची आहे. १९८५ ते २००५ अशी २१ वर्षे अमेरिकेतल्या व्यावसायिक सायकलपटूंचा राष्ट्रीय विजेता या शहराच्या रस्त्यांवर ठरत असे. मग तो मान दुसऱ्या गावाला गेला, नुसती शर्यत उरली, आणि काही वर्षांनी शर्यतही थांबली.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. ज्यांनी मंडळासाठी कधी देणगीदाराच्या दारात तासभर ताटकळत काढला आहे, किंवा मिरवणुकीच्या परवानगीसाठी ठाण्यात खेटे घातले आहेत, त्यांनी पुढे वाचावे.

सायकलीशी फिलाडेल्फियाचे नाते आनंदीबाईंच्याही आधीचे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून १८७६ साली तिथल्या फेअरमाउंट पार्कमध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात इंग्लंडहून आलेल्या, पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे इवलेसे अशा सायकली मांडल्या होत्या. बोस्टनच्या आल्बर्ट पोप नावाच्या गृहस्थाने त्या पाहिल्या, आणि दोनच वर्षांत त्याने ‘कोलंबिया’ नावाने अमेरिकेत सायकली काढायला सुरुवात केली. त्या देशात पक्क्या रस्त्यांसाठी पहिली आरडाओरड मोटारवाल्यांनी केली नाही, ती सायकलवाल्यांनी केली. रस्त्याच्या खात्यात उमर घालवलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट विशेष आवडते.

पुढे सायकल शर्यतींचे वेड अमेरिकेत एवढे वाढले की मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ साली जगज्जेता झाला, तेव्हा तो त्या काळच्या सर्वांत नामांकित खेळाडूंपैकी एक होता. लाकडी गोल मैदानांवर सहा सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींना तिकीट काढून लोक जात. १९३० नंतर हे सारे ओसरले. मोटार आली, मंदी आली, आणि सायकल हे मुलांचे खेळणे होऊन बसले. हौशी खेळाडू तेवढे टिकून राहिले.

वारे फिरले ते १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला. रस्त्यावरच्या शर्यतीत पुरुषांचे सुवर्णपदक ॲलेक्सी ग्रेवाल याने मिळवले. आडनावावरून ओळखलेच असेल, त्याचे वडील भारतातून गेलेले शीख. स्त्रियांची रस्त्यावरची शर्यत त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये प्रथमच झाली आणि तीही अमेरिकेच्याच कॉनी कार्पेंटरने जिंकली. तिचा नवरा डेव्हिस फिनी हाही त्या संघात होता. ही नावे लक्षात ठेवावीत, पुढे लागतील.

या लाटेवर स्वार होऊन दुसऱ्याच वर्षी डेव्ह शॉनर, जॅक सिम्स अशा जुन्या ऑलिम्पिक सायकलपटूंनी आणि त्यांच्या साथीदारांनी फिलाडेल्फियात व्यावसायिकांची राष्ट्रीय शर्यत उभी केली. अशी शर्यत आडगावच्या मोकळ्या रस्त्यावर घेणे सोपे. यांनी ती मोठ्या शहराच्या ऐन मध्यभागी घेतली. आर्ट म्युझियमसमोरच्या बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेवरून निघायचे, स्कूलकिल नदीच्या काठाकाठाने जायचे, मॅनायंक नावाच्या वस्तीत शिरून तिथली टेकडी चढायची, पुन्हा नदीकाठी उतरायचे आणि लेमन हिल नावाचा छोटा चढ घेऊन पार्कवेवर परतायचे. पुढे स्थिर झालेल्या मार्गात एक फेरी सुमारे १४.४ मैलांची होती. अशा दहा फेऱ्या आणि शेवटी लेमन हिलच्या लहान फेऱ्या धरून एकूण १५६ मैल, म्हणजे २५० किलोमीटर. इंदूरहून सायकलीने भोपाळ गाठायचे, मागे वळायचे आणि सीहोर ओलांडून पुढे यायचे, तेही एका दमात, सहा तासांच्या आसपास.

मॅनायंकच्या त्या चढालाच लोक ‘भिंत’ म्हणू लागले. मेन स्ट्रीटवरून लेव्हरिंग स्ट्रीटला वळले, रेल्वेच्या पुलाखालून गेले की रस्ता वर वर जाऊ लागतो तो लायसियम ॲव्हेन्यूवर थेट अंगावर येतो. लांबी जेमतेम अर्धा मैल, पण जिथे चढ सर्वांत तीव्र आहे तिथे तो १७ टक्के आहे. आपल्याकडे घाटरस्ता आखताना ५ ते ६ टक्क्यांवर भागवावे आणि अगदीच इलाज नसला तर ७-८ पर्यंत जावे असा नियम आहे. खंडव्याला जाताना भेरूघाटात ट्रक कसे कण्हत चढतात ते आपण पाहतो. इथे शंभर फूट पुढे गेले की सतरा फूट वर, आणि तेही दहा वेळा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सगळे हसतमुखाने चढतात. आठव्या-नवव्या फेरीला मात्र कोणाच्या पायात किती जीव उरला आहे ते भिंत सांगते.

हा चढ कुणी शर्यतीसाठी बांधलेला नाही. मॅनायंक ही गिरणी कामगारांची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नदीला समांतर कालवा काढला, त्याच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या आल्या, आणि या जागेला अमेरिकेचे मँचेस्टर म्हणू लागले. सपाट जागा गिरण्यांनी घेतली, तेव्हा कामगारांची घरे टेकडीवर चढली. एकमेकांना खेटून उभी अरुंद घरे, पुढे पायऱ्या आणि छोटा ओटा. आयरिश आले, जर्मन आले, पोलिश आणि इटालियन आले. प्रत्येकाने आपले वेगळे चर्च त्याच टेकडीवर बांधले. विसाव्या शतकात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पहिली शर्यत झाली तेव्हा खालच्या मेन स्ट्रीटवर रिकाम्या इमारतींतून नुकती कुठे खाणावळी आणि दुकाने उघडू लागली होती.

इंदूरच्या वाचकांना इथे अनंत चतुर्दशी आठवल्याशिवाय राहणार नाही. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, या मिलच्या झांक्या पाहत आपल्या तीन पिढ्या रात्रभर रस्त्यावर उभ्या राहिल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांच्या देण्यांचा निकाल लागायला २०२३ उजाडले, पण झांकी निघत राहिली. भोंगा थांबला म्हणून सण थांबत नाही. मॅनायंकच्या लोकांनीही ती शर्यत अशीच आपली मानली. जूनमधल्या त्या रविवारी ओट्यावर खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना बोलवायचे, अंगणात मांस भाजायचे, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने घोळका खालून येताना दिसला की घंटा आणि भांडी वाजवत रस्त्यावर धाव घ्यायची. जगातल्या अव्वल खेळाडूंच्या कपाळावरचा घाम त्यांना हातभर अंतरावरून दिसे, आणि त्यासाठी तिकीट नव्हते. काही वर्षांनी त्यात बाहेरून येऊन दारू पिणाऱ्या टोळक्यांची भर पडली आणि म्हाताऱ्या रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्याही वाजवीच होत्या.

पहिल्याच वर्षी, १९८५ साली, जिंकला एरिक हायडेन. १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगच्या पाचही शर्यती, ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंत, एकट्याने जिंकणारा हा माणूस. तो सायकलीवर बसला आणि थेट राष्ट्रीय विजेता झाला. पुढे तो अस्थिरोगतज्ज्ञ झाला. एका आयुष्यात इतके कसे मावते, कोण जाणे.

या शर्यतीचा एक नियम मात्र विचित्र होता. मैदान सर्वांना खुले होते. युरोपातले संघ येत, कारण त्यांच्याशिवाय शर्यतीला वजन नव्हते. परंतु अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता अमेरिकनच हवा. म्हणून रेषा ओलांडणारा पहिला अमेरिकन तो राष्ट्रीय विजेता, मग त्याच्या पुढे कितीही परदेशी असोत. १९८८ मध्ये शर्यत जिंकली इटलीच्या रॉबेर्तो गाज्जोलीने आणि राष्ट्रीय विजेता ठरला रॉन कीफेल. १९९१ मध्ये पहिला आला हॉलंडचा मिशेल झानोली, आणि तारे-पट्ट्यांचा राष्ट्रीय सदरा मिळाला डेव्हिस फिनीला. १९९४ मध्ये इंग्लंडचा शॉन येट्स आणि स्टीव्ह हेग. व्यासपीठावर दोन विजेते, आणि पाहणाऱ्याला समजावून सांगता सांगता नाकी नऊ. आम्हाला हा नियम गमतीचा वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. घरच्या गड्याला जगाच्या बरोबरीने पळवायचे आणि त्यातला उजवा निवडायचा, यात खोट काय?

१९९३ साल वेगळ्या कारणाने गाजले. तीन ठरावीक शर्यती एकाच वर्षी जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर असे बक्षीस लावले होते आणि तिसरी शर्यत फिलाडेल्फियाची होती. एकवीस वर्षांच्या लान्स आर्मस्ट्राँगने भिंतीवर सगळ्यांना मागे टाकले आणि ते पैसे नेले. पुढे त्या विजयातही पैशांची देवाणघेवाण झाल्याचे आरोप झाले. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याची १९९८ नंतरची सारी कामगिरी पुसली गेली हे आपण वाचलेच आहे. फिलाडेल्फियाचा निकाल त्याआधीचा, म्हणून तो यादीत राहिला.

आता देणगीदारांकडे वळू. शर्यतीच्या नावात पहिल्यापासून बँक होती, कोअरस्टेट्स. फिलाडेल्फियाची जुनी, घरची बँक. १९९८ साली तिला फर्स्ट युनियनने गिळले, शर्यतीचे नाव बदलले. २००१ मध्ये फर्स्ट युनियन वाकोव्हियात मिसळली, पुन्हा नाव बदलले. २००८ च्या पडझडीत वाकोव्हियाही वेल्स फार्गोच्या पोटात गेली, पण तोवर ती शर्यतीतून बाजूला झाली होती. फलकावरची बँक बदलत गेली तसा शर्यतीशी घरोबा असलेला साहेबही बदलत गेला. नव्या साहेबाचे मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात, त्याला मॅनायंक कुठे आहे हे नकाशात शोधावे लागणार. आपल्या स्मरणिकेची जाहिरातीची पाने ज्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली आहेत, त्यांना शाखेत नवा मॅनेजर आला की काय होते ते सांगायला नको.

२००६ साली देशाच्या सायकल महासंघाने ठरवले की राष्ट्रीय स्पर्धा फक्त अमेरिकनांची असावी, युरोपातल्या देशांत असते तशी. कागदावर निर्णय बिनतोड होता. स्पर्धा दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल या छोट्या शहरात गेली. तिथला पहिला विजेता जॉर्ज हिंकॅपी. हा १९९८ चा फिलाडेल्फियाचा विजेता, आणि राहायला ग्रीनव्हिलमध्येच. सात वर्षे ग्रीनव्हिल, मग तीन वर्षे टेनेसीतले चॅटनूगा, मग विन्स्टन-सेलम, नॉक्सव्हिल, आणि २०२४ पासून वेस्ट व्हर्जिनियातले चार्ल्स्टन. शहरे बोली लावतात, काही वर्षांचा करार होतो, करार संपला की बिऱ्हाड उचलायचे. चॅटनूगाने एक चांगली गोष्ट पाहिली. २०१३ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांच्या बरोबरीने तिथे झाली. आणि एक वाईटही पाहिली. २०१४ मध्ये लुकआउट माउंटनचा उतार उतरताना टेलर फिनीचा पाय भयानक मोडला. हा डेव्हिस आणि कॉनी यांचा मुलगा. वेळेविरुद्धच्या शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने दोनच दिवसांपूर्वी मिळवले होते. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याने ते पुन्हा जिंकले.

इकडे फिलाडेल्फियाने शर्यत सोडली नाही. सदरा गेला तरी युरोपातले संघ येत राहिले आणि भिंतीवरची गर्दी हटली नाही. ज्यांना नियमच कधी नीट कळला नव्हता त्यांना काही बदलल्याचे जाणवलेही नसेल. अडचण खर्चाची होती. २००८-०९ च्या मंदीत नगरपालिकेची तिजोरी रिती झाली आणि पोलीस बंदोबस्त, साफसफाई यांचे बिल आयोजकांच्या हाती येऊ लागले. नगरपालिकेला दोष देता येत नाही, त्याच वेळी ती वाचनालये बंद करायला निघाली होती. पण शहराच्या मध्यातले मैलोन् मैल रस्ते दिवसभर अडवायचे तर प्रत्येक चौकात शिपाई लागतो, आणि त्याला रविवारचा भत्ता लागतो. २०१३ च्या जानेवारीत जुन्या आयोजकांनी हात टेकले, तेव्हा शहरातल्या मंडळींनी धावपळ करून एका जुगारघराला नावासाठी उभे केले. त्या वर्षापासून अंतिम रेषा पार्कवेवरून उचलून थेट भिंतीच्या माथ्यावर नेली आणि स्त्रियांच्या शर्यतीला पुरुषांइतकेच बक्षीस ठेवले. राष्ट्रीय स्पर्धेच्या वैभवाच्या दिवसांत न सुचलेल्या या दोन्ही गोष्टी पडत्या काळात सुचल्या.

चार वर्षे हे चालले. २०१७ च्या जानेवारीत मुख्य देणगीदार मिळत नाही म्हणून शर्यत रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या जूनमध्ये लेव्हरिंग स्ट्रीटवर रस्ता बंदचे फलक लागले नाहीत. टेकडीवरची मंडळी आपापल्या गाड्या घेऊन खाली मेन स्ट्रीटला उतरू शकली, आणि ज्यांनी तीस वर्षे दर शर्यतीच्या रविवारी गाडी कुठे लावायची याची तक्रार केली होती त्यांना ती दाराशी लावता आली.