राजा गेल्यानंतरची प्रजा : उस्मानाबाद १९४८–५०

फ्रान्समध्ये २१ सप्टेंबर १७९२ रोजी राजेशाही रद्द झाली आणि १८०४ मध्ये साम्राज्य आले. मधल्या प्रजासत्ताकाला इतिहासकार बहुधा संक्रमणकाळ म्हणतात. या संज्ञेत एक सोय दडलेली आहे. संक्रमणातील हिंसा ही पुढच्या व्यवस्थेची अपरिहार्य किंमत ठरते आणि १७९३ मध्ये व्हांदे प्रांतात मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांची गणना केवळ प्रजासत्ताकाच्या शत्रूंत होते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्याचा (आजचा धाराशिव) १७ सप्टेंबर १९४८ ते २६ जानेवारी १९५० हा काळ याच दृष्टीने वाचावा लागतो. तेव्हा लातूर याच जिल्ह्यात होते आणि रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. रझाकारांच्या अत्याचारांच्या स्मृतीवर मुक्तिसंग्रामाचे मराठी कथन उभे आहे, आणि ती स्मृती खरी आहे. परंतु हे कथन निजामाच्या शरणागतीपाशी थांबते. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मात्र त्यानंतरचे पाहिले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली आणि पोलीस कारवाईच्या काळात व नंतर तेथे किमान १८,००० माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

येथे फ्रान्सशी असलेला भेद महत्त्वाचा ठरतो. सोळाव्या लुईचा जानेवारी १७९३ मध्ये शिरच्छेद झाला; मीर उस्मान अली खान मात्र १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिला. जिल्ह्याच्या नावातील 'उस्मान' तर २०२३ पर्यंत टिकला. सत्ताधीशाशी तडजोड झाली. त्याच्या धर्माच्या सामान्य माणसाशी झाली नाही. राजसत्तेचा हिशेब प्रजेच्या एका भागाकडून वसूल केला गेला.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'गणराज्य' हा शब्द आहे. व्यवहारात रूढ झाला तो 'प्रजासत्ताक'. प्रजा ही संकल्पना राजाच्या सापेक्ष आहे; राजा नाहीसा झाल्यावर प्रजा कोण, हे नव्याने ठरवावे लागते. उस्मानाबादेत हा निर्णय संविधान लागू होण्यापूर्वीच, गावोगावी, हिंसेने घेतला गेला. मुक्तीचे कथन या निर्णयाला स्थान देत नाही, तोवर ते प्रजेचा नव्हे, केवळ सत्तांतराचा इतिहास राहते.