वरमालेतलं पाणी

मागच्या डिसेंबरात सांगलीला ताईचं लग्न झालं. पाठवणीच्या गडबडीत तिने दोन्ही हार माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "नीट ठेव हं, फ्रेम करून घ्यायचीय." महिनाभरात ती कॅनडाला जाणार होती. एवढ्या मोठ्या घरातून तिने मागितलेली वस्तू एवढीच.

मी माझ्या परीने काम चोख केलं. हारांवर पाणी शिंपडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधलं आणि फ्रिजमध्ये सफरचंदांच्या शेजारी ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा निशिगंध तपकिरी, बुळबुळीत झाला होता. गुलाबांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. वास तर सांगायलाच नको. वरमाला रेझिनमध्ये बसवून देणाऱ्या बाईंना फोन केला, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "पाणी मारलं होतं का?"

आजीचा प्रश्न वेगळा होता. "निर्माल्य कुणी फ्रिजात ठेवतं का रे?"

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं. काही बिघडलं की ते पूर्वी कुणाकुणाच्या हातून बिघडलंय हे शोधायची खोड आहे. तशी शोधाशोध केली आणि थोडा धीर आला. लग्नाची फुलं टिकवायची धडपड बरीच जुनी आहे, आणि दर वेळी ती एकाच ठिकाणी अडली आहे: पाण्यापाशी.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये यावर सरळ पळवाट काढली होती. तिथे नवरीच्या डोक्यावर संत्र्याच्या फुलांचा मुकुट असे. खरी फुलं दिवसभरात माना टाकत, म्हणून पुष्कळदा तो मुकुट मेणाच्या फुलांचाच करत. लग्नानंतर तो मखमली उशीवर ठेवून, भोवती सोनेरी पत्र्याची पानं नि छोटे आरसे लावून काचेच्या घुमटाखाली झाकत. 'ग्लोब द मारिए', म्हणजे नवरीचा घुमट. हा घुमट दिवाणखान्यात आयुष्यभर राही आणि पुढे घरातल्या इतर आठवणीही त्यात जाऊन बसत. टिकलं ते मेण. फूल त्यात कधी नव्हतंच. पण त्यावरून कुणाला हसायचा हक्क मला नाही, माझ्याकडे तर मेणही उरलं नव्हतं.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० रोजी लग्नाला उभी राहिली तेव्हा तिच्याही डोक्यावर संत्र्याच्याच फुलांचा मुकुट होता. लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला, १८४६ मध्ये, अल्बर्टने तिला तसाच मुकुट दागिना म्हणून दिला. सोन्याची पानं, चिनी मातीची पांढरी फुलं आणि चार मुलांची आठवण म्हणून चार छोटी हिरवी संत्री. मला मात्र त्याच घराण्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. १८४५ साली अल्बर्टच्या आजीने दिलेल्या पुष्पगुच्छात मर्टलची एक डहाळी होती. ती ऑस्बोर्नच्या बागेत लावली, ती जगली. १८५८ मध्ये राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्या झुडपाची डहाळी होती आणि २०११ साली केटच्या गुच्छातही होती. फूल राखायचं तर रोप राखा, असा हा हिशोब. हारातल्या गुलाबाला तो लागू पडत नाही.

खरं फूलच ठेवायचं असेल तर त्यातलं पाणी काढायला हवं. इटालियन जेझुइट जोव्हान्नी बात्तिस्ता फेर्रारी याचा फुलबागांवरचा ग्रंथ १६३३ मध्ये रोमला छापला गेला, त्यात वाळूत फुलं वाळवायची रीत आहे. तत्त्व साधं आहे. कोरडी बारीक वाळू पाकळ्यांच्या मध्ये अलगद ओतायची, म्हणजे आकार धरून राहतो आणि ओल हळूहळू बाहेर पडते. पुढे वाळूची जागा सिलिका जेलने घेतली. बुटांच्या खोक्यात निघणारी 'खाऊ नका' लिहिलेली पुडी, तीच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत ते वापरलं गेलं होतं.

आणि रेझिन? १९३० च्या दशकात स्विस रसायनतज्ज्ञ पिएर कास्तां दातांच्या कवळीसाठी पदार्थ शोधत होता, त्यातून इपॉक्सी निघालं. पुढे सीबा कंपनीने तेच अ‍ॅराल्डाइट या नावाने बाजारात आणलं. आपल्याकडे तुटलेल्या कपाचा कान ज्याने चिकटवतात तोच हा वंश. कवळीपासून वरमालेपर्यंतचा हा प्रवास ताईला अजून सांगितलेला नाही. पण या इपॉक्सीला ओल सोसत नाही. किंचित दमट फूल आत गेलं तरी भोवती धुरकट होतं, पाकळी आतल्या आत तपकिरी पडते. म्हणून बाईंचा पहिला प्रश्न पाण्याचा.

म्हणजे मी नेमकं उलटं केलं होतं. शिंपडलेलं पाणी बंद पिशवीत बुरशीला पोसत होतं आणि शेजारची सफरचंदं इथिलीन सोडून फुलांना लवकर म्हातारं करत होती. करायला हवं होतं ते असं: हार गळ्यातून निघाला की झटकून अक्षता पाडायच्या, फोटो काढून ठेवायचा, ओला दोरा नि पानं काढून टाकायची, फुलं सुटी करून वर्तमानपत्रावर एकमेकांना न चिकटतील अशी पसरायची. फ्रिजच वापरायचा तर कागदात सैल गुंडाळून, फळांपासून दूर. आणि एक-दोन दिवसांत ती वाळवायला द्यायची. कार्यालयात रात्री दीड वाजता, सगळे भांडी मोजत असताना, हे करणार कोण, हा खरा प्रश्न. करवल्यांच्या कामांच्या यादीत हे अजून आलेलं नाही.

आजीचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. तिच्या लग्नाचे हार कृष्णेत गेले आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिच्या लेखी फुलाचं काम त्या मुहूर्तापुरतं होतं. पण तिला माहेर चार कोसांवर होतं. ताईला तसं नाही.

पिशवीच्या मधोमध दबलेले एकोणीस गुलाब त्यातल्या त्यात कोरडे निघाले. ते आठवडाभर सिलिका जेलमध्ये पुरले. लाल रंग गडद होत जवळजवळ जांभळ्यावर गेला, पण आकार राहिला. बाईंनी त्यांची लहानशी फ्रेम करून दिली. बाकी सगळं आजीने पदरात घेतलं आणि मागच्या दारी नेलं.

ताईने व्हिडिओ कॉलवर फ्रेम पाहिली. बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "निशिगंध कुठाय रे?"

"तुळशीत," आजी मागून म्हणाली.