गंज, शेंदूर आणि फोर्थचा पूल

कधींच न संपणाऱ्या कामाला ‘फोर्थचा पूल रंगविणें’ असें म्हणण्याची इंग्रजी भाषेंत रूढि आहे. स्कॉटलंडांत, एडिंबरो शहराच्या पश्चिमेस, फोर्थ नदीच्या खाडीवर हा आगगाडीचा पूल उभा आहे. रंगारी एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकास पोंचावेत, तों पहिल्या टोकाचा रंग उडालेला असावा, अशी लोकांची समजूत होती. ती अक्षरशः खरी नव्हती. रंगाऱ्यांची टोळी पुलावर कायम असे, पण जेथें वारापाऊस अधिक झोंबे तेथें ती आधीं जाई. तरी त्या म्हणींत एक खरा प्रश्न दडलेला आहे. एवढा रंग देऊनहि तो टिकत कां नसे? याचें पुरतें उत्तर हातीं येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि तें रंगाच्या डब्यांत जितकें होतें त्याहून अधिक रंगाखालच्या धातूंत होतें.

या पुलाच्या जन्माआधीं एक मोठा अपघात झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं वादळांत टे नदीवरील पूल कोसळला आणि त्यावरून जाणारी आगगाडी नदींत गेली. गाडींतील एकहि माणूस वांचला नाहीं. पुढें झालेल्या चौकशींत वाऱ्याच्या जोराचा विचार न करणें, सदोष बांधणी व ढिली देखरेख हीं कारणें पुढें आलीं. त्याच चौकशींत एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. पुलाच्या ओतीव लोखंडी खांबांत कांहीं ठिकाणीं पोकळ छिद्रें राहिलीं होतीं. तीं मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या लुकणानें बुजवून सारखीं केलीं होतीं. वरून पाहणाऱ्यास खांब निर्दोष वाटे. आदल्या उन्हाळ्यांत पूल रंगविणाऱ्या कामगारांनींहि साक्ष दिली कीं, गाडी जातांना पूल विलक्षण हादरत असे. ज्यांचा हात लोखंडावर रोज फिरत होता त्यांना जें कळलें, तें वरिष्ठांच्या कानीं वेळेवर गेलें नाहीं.

टे पुलाचे शिल्पज्ञ सर टॉमस बाउच यांचीच योजना फोर्थसाठींहि मंजूर झाली होती. ती रद्द झाली. सर जॉन फाउलर व बेंजामिन बेकर यांनीं नवा आराखडा केला, आणि विल्यम ॲरल यांच्या पेढीनें तो प्रत्यक्षांत उतरविला. ४ मार्च १८९० रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें पूल खुला झाला. त्याची लांबी २,४६७ मीटर असून दोन मुख्य गाळे प्रत्येकीं ५२१ मीटरांचे आहेत. सुमारें ५३,००० टन पोलाद आणि ६५ लाख रिव्हेट त्यांत खर्ची पडले. एवढें पोलाद खाऱ्या वाऱ्यांत उघडें उभें करावयाचें, म्हणजे त्याच्या रक्षणाची चिंता पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.

लोखंड पृथ्वीच्या पोटांत बहुधा प्राणवायूशीं जखडलेल्या दगडाच्या रूपांत असतें. मनुष्य भट्टींत कोळसा जाळून तो प्राणवायु हिरावून घेतो. हवा व पाणी तो परत देऊं पाहतात. गंज म्हणजे लोखंडाची मूळपदावर जाण्याची धडपड होय. त्यांतच आणखी एक फसवा शत्रु असतो. कारखान्यांत तापलेलें पोलाद लाटतांना त्यावर निळसर काळी खपली धरते. ती घट्ट दिसते, पण ठिसूळ असते. तिला तडे गेले कीं पाणी आंत शिरतें, खपली व पोलाद यांमध्यें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि तड्यांतील उघडें पोलाद झपाट्यानें झिजतें. अशा खपलीवर कितीहि उंची रंग चढविला तरी तो खपलीसह गळून पडावयाचाच.

फोर्थच्या बांधणाऱ्यांना याची जाणीव होती. पोलादी पत्रे खरवडून व तारेच्या ब्रशानें घासून त्यांवर उकळलेलें जवसाचें तेल चोपडण्यांत आलें. त्यावर शेंदराचे हात आणि शेवटीं तांबड्या लोह-रंगाचे हात दिले गेले. हा शेंदूर म्हणजे आपल्याकडे देवळांतील मूर्तींना लावतात तोच, शिशाची भस्में मिळून झालेला. जवसाच्या तेलाशीं त्याचा संयोग होऊन जे पदार्थ बनतात ते गंजाला आवर घालतात. म्हणून लोखंडाच्या अस्तरासाठीं शेंदराची बरोबरी करणारें द्रव्य दीर्घकाळ सांपडलें नव्हतें.

परंतु लोखंडाला जगविणारें तें द्रव्य रंगाऱ्याला मारीत असे. शिशाची भुकटी श्वासाबरोबर व न धुतलेल्या हातानें पोटांत गेली म्हणजे असह्य पोटशूळ उठे, मनगटें लुळीं पडत आणि मेंदूवरहि परिणाम होई. १९०४ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनीं दाखवून दिलें कीं, घराच्या कठड्यांवरील रंगाची भुकटी बोटांवाटे तोंडांत जाऊन मुलांना विषबाधा होते. १९२१ सालीं जिनीव्हा येथें घरांच्या आंतील रंगकामांत सफेत्याचा उपयोग बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, पण त्यालाहि अपवाद ठेवलेले होते. भारतांत २०१६ सालीं नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० हून अधिक भाग शिसें नसावें असें बंधन आलें. ब्रिस्बेनच्या इशाऱ्यापासून हा काळ ११३ वर्षांचा होतो.

फोर्थवर मात्र रंगावर रंग चढत राहिला. नव्या थराची पकड जुन्या थराच्या पकडीहून अधिक असूं शकत नाहीं. तळाचा थर सुटला कीं वरचे सगळे त्याच्याबरोबर जातात, आणि गंज बाहेरून न दिसतां आंत पसरतो. २००२ सालीं निराळा मार्ग धरण्यांत आला. पुलाचा एकेक भाग परांच्या व आच्छादनें यांनीं बंदिस्त करून, कठीण कणांच्या जोरदार माऱ्यानें सारे जुने थर पार काढून पोलाद उघडें केलें. या माऱ्याची युक्ति अमेरिकन संशोधक बेंजामिन टिल्घमन यांनीं १८७० सालीं वाळू वापरून काढली होती. पण वाळूची धूळ फुप्फुसें निकामी करते, म्हणून ब्रिटननें १९४९ च्या नियमांनीं ओतीव वस्तु साफ करण्यास वाळूचा वापर बंद केला. उघडें पोलाद दमट हवेंत फार वेळ ठेवतां येत नाहीं; म्हणून लगोलग जस्तयुक्त अस्तर, त्यावर कांचेच्या सूक्ष्म पापुद्र्यांनीं युक्त असा इपॉक्सी थर आणि शेवटीं तांबडा वरचा हात देण्यांत आला. त्या पापुद्र्यांमुळें पाण्याला आंत शिरण्यास लांबचा वळणावळणाचा रस्ता धरावा लागतो. सुमारें २,३०,००० चौरस मीटर पृष्ठभाग व २,४०,००० लिटर रंग असें हें काम डिसेंबर २०११ मध्यें पुरें झालें. तो रंग २५ वर्षें टिकावा अशी अपेक्षा होती. जुनी म्हण अशा रीतीनें खोटी ठरली. २०१५ सालीं युनेस्कोनें पुलाला जागतिक वारशांत स्थान दिलें.

हाच न्याय घरांतील खिडकीच्या गजांना व फाटकालाहि लागू पडतो. जुना रंग घट्ट असेल तर तो काढण्याचें कारण नाहीं. साबणाच्या पाण्यानें मळ व तेलकटपणा धुवून, पॉलिश पेपरनें त्याची चकाकी मारली म्हणजे नवा रंग नीट धरतो. जेथें पोपडे सुटले असतील तेथें ते खरवडून, कडा घासून उतरत्या कराव्या, गंज धातूपर्यंत काढावा आणि उघड्या जागीं आधीं अस्तर द्यावें. नव्या जस्ती पत्र्यावर तेलाचा रंग एकदम देऊं नये. तेलांतील आम्लें जस्ताशीं मिळून साबणासारखा थर होतो व रंग सुटतो. त्यासाठीं वेगळें अस्तर लागतें. आणि घर जुनें असून रंगांत शिसें असण्याचा संभव असेल तर कोरडें घासणें अगदीं टाळावें. पृष्ठभाग ओला करून घासावा, भुकटी ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावें.

या साऱ्या खरवडण्या-घासण्याला वेळ लागतो, मजुरी पडते, आणि काम पुरें झाल्यावर त्याची खूण कोठेंच दिसत नाहीं. म्हणूनच काटकसर करणारा पहिली कात्री तेथें लावतो. पण रंग किती वर्षें टिकणार हें तेथेंच ठरतें, आणि घासणाऱ्याच्या नाकातोंडांत काय जातें हेंहि तेथेंच ठरतें. रंगाचा डबा निवडण्यापूर्वीं गृहस्थानें रंगाऱ्याला या दोन गोष्टी विचाराव्या.