रेल्वेप्रवासातील उपद्रवध्वनी : स्वरूप, कारणे आणि निवारण

१. संज्ञा आणि विषयमर्यादा

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. ध्वनी म्हणजे माध्यमातून कानापर्यंत पोहोचणारे कंपन. ही केवळ भौतिक घटना होय. गोंगाट म्हणजे श्रोत्याला नको असलेला ध्वनी. येथे श्रोत्याच्या इच्छेचा प्रवेश होतो. उपद्रवध्वनी म्हणजे ज्या गोंगाटामुळे श्रोत्याची निद्रा, वाचन, संभाषण वा विश्रांती खंडित होते आणि त्या खंडामुळे चीड उत्पन्न होते, तो ध्वनी. या संज्ञा उत्तरोत्तर संकुचित आहेत. प्रत्येक उपद्रवध्वनी हा गोंगाट असतो, परंतु प्रत्येक गोंगाट उपद्रव देतोच असे नाही.

विचाराचे क्षेत्र भारतीय रेल्वे, आणि त्यातही मुंबईची उपनगरी लोकल व महाराष्ट्रातून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, एवढे आहे. श्रोता डब्याच्या आत बसलेला आहे असे गृहीत धरले आहे. रुळांलगत राहणाऱ्यांना होणारा त्रास आणि श्रवणशक्तीची हानी हे स्वतंत्र विषय असल्याने ते वगळले आहेत.

२. उपद्रवाचे घटक

उपद्रव हा ध्वनीच्या प्रबलतेवर अवलंबून असतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. धावत्या गाडीच्या अखंड घरघरीत प्रवासी गाढ झोपतो. त्याहून कितीतरी क्षीण अशा शेजारच्या कुजबुजीने तोच प्रवासी जागा होतो. प्रबलता हेच एकमेव कारण असते, तर हे घडले नसते. म्हणून प्रबलतेखेरीज तीन घटक मानावे लागतात.

(अ) अनिश्चितता : पुढचा आघात केव्हा होणार हे श्रोत्याला न कळणे. नियमित ध्वनीची मनाला सवय होते. अनियमित ध्वनीची होत नाही.

(आ) अर्थवत्ता : ध्वनीत भाषा, सूर वा संकेत असणे. अर्थ असलेला ध्वनी लक्ष वेधतोच. त्याकडे दुर्लक्ष करण्यासाठीही प्रयत्न करावा लागतो.

(इ) अवशता : ध्वनी थांबवण्याचे साधन वा अधिकार श्रोत्याकडे नसणे.

पहिल्या व तिसऱ्या घटकाला प्रयोगांचा आधार आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांचे गोंगाटविषयक प्रयोग १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अनियमित गोंगाट ऐकलेल्या व्यक्तींची नंतरच्या कामातील चिकाटी, नियमित गोंगाट ऐकलेल्यांच्या तुलनेत, अधिक घटली. ज्यांना गोंगाट बंद करण्याचे बटण दिले होते त्यांच्यावरचा दुष्परिणाम, त्यांनी ते बटण दाबले नाही तरीही, कमी झाला. यावरून असे निष्पन्न होते की ध्वनी थांबवता येईल ही जाणीव प्रत्यक्ष शांततेच्या अभावीही सह्यता निर्माण करते.

३. वर्गीकरण

उगमावरून उपद्रवध्वनीचे तीन वर्ग होतात : यांत्रिक, व्यवस्थाजन्य आणि मानवी. पहिल्याचा उगम चाक, रूळ व डबा यांच्यात. दुसऱ्याचा रेल्वेने हेतुपूर्वक दिलेल्या संकेतांत आणि गाडीच्या हाताळणीत. तिसऱ्याचा सहप्रवाशांत असतो. हे वर्ग ज्या क्रमाने मांडले आहेत त्याच क्रमाने अर्थवत्ता वाढत जाते. म्हणूनच प्रबलतेने सर्वांत मोठा असलेला वर्ग उपद्रवाने सर्वांत मोठा ठरत नाही.

४. यांत्रिक ध्वनी

यांत्रिक ध्वनीचे पाच उपप्रकार महत्त्वाचे आहेत.

१) जोडांचा खडखडाट. १३ मीटर लांबीचे पोलादी रूळ तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला असता सुमारे ६ मिलिमीटरने लांबतात किंवा आखडतात. त्यासाठी दोन रुळांमध्ये फट ठेवून ते फिशप्लेटने जोडले जात. चाक त्या फटीवरून जाताना आघात होतो. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीच्या, दोन आसांमध्ये सुमारे २.९ मीटर अंतर असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन आघातांत सुमारे ०.१७ सेकंद जातो आणि आघातांची जोडी दर ०.७८ सेकंदाने पुन्हा ऐकू येते. हा ध्वनी प्रबल असूनही नियमित व अर्थशून्य आहे. म्हणून तो उपद्रवाच्या व्याख्येत क्वचितच बसतो. अनेकांना त्यानेच झोप लागते.

२) लोटणाचा घोष. चाक आणि रूळ यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे दोन्ही पृष्ठभाग कंप पावतात. वेग दुप्पट झाला की हा घोष सुमारे ९ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट भासतो. चाकाच्या धावेवर ठोकळा दाबून गाडी थांबवणारा, विशेषतः ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांचा, ब्रेक त्या धावेला खडबडीत करतो. आसावरच्या तबकडीवर दाब देणारा ब्रेक तसे करत नाही. जुन्या निळ्या डब्यांपेक्षा तबकडी-ब्रेकचे, नव्या रचनेचे एलएचबी डबे शांत वाटण्याचे हे एक कारण आहे. रुळांखालची खडी ध्वनीचा काही अंश शोषून घेते; खडी नसलेल्या लोखंडी पुलावर हे शोषण होत नाही आणि पुलाचा सांगाडाही कंप पावतो, म्हणून तेथे घोष एकदम वाढतो. बोगद्यात भिंती ध्वनी परत फेकतात. १९१६ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यात, उघड्या दाराच्या लोकलमध्ये, संभाषण आपोआप थांबते.

३) वळणावरची किंचाळी. बोगीतील दोन्ही आस परस्परांना जवळजवळ समांतर राहतात. त्यामुळे तीव्र वळणावर पुढच्या आसाची चाके रुळाच्या दिशेशी किंचित तिरपी राहून आडवी घसरतात. हे घसरणे सलग नसते. चाक क्षणभर रुळाला धरते आणि सुटते. सारंगीचा गज तारेला जसा धरत-सोडत नादवतो, तसे चाक नादते. उत्पन्न होणारा स्वर बहुधा ज्या कंप्रतांना मानवी कान सर्वाधिक संवेदनशील असतो त्या पट्ट्यात पडतो. म्हणून अल्पकाळ टिकूनही ही किंचाळी असह्य होते.

४) सपाट चाकाचा ठोका. ब्रेकने चाक जखडून रुळावर घसरत गेले तर धावेचा एक भाग झिजून सपाट होतो. ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाने सेकंदात सुमारे ५.८ वेळा फिरते. तितकेच ठोके पडतात. हा ध्वनी नियमित असला तरी तो बिघाड सुचवतो, म्हणजे त्यात अर्थ शिरलेला असतो. परिणामी जोडांच्या खडखडाटाची जशी सवय होते तशी याची होत नाही.

५) सैल भागांची कुरकुर. खिडकीची झडप, पंख्याची जाळी, बर्थची साखळी, स्वच्छतागृहाचे न लागणारे दार हे भाग डब्याच्या कंपनाने थरथरतात. प्रत्येक भागाची स्वाभाविक कंप्रता वेगळी असल्याने विशिष्ट वेगालाच त्यांतला एखादा जागृत होतो आणि वेग बदलताच थांबतो. हा ध्वनी पाचांत बहुधा सर्वांत क्षीण, परंतु पूर्णपणे अनिश्चित असतो. म्हणून यांत्रिक वर्गात उपद्रव सर्वाधिक याचाच. मात्र येथे अवशता अंशतः दूर करता येते. झडपेच्या फटीत कागदाची घडी खोवणारा प्रवासी ध्वनीसोबत आपली असहायताही कमी करतो.

५. व्यवस्थाजन्य ध्वनी

या वर्गात भोंगा, उद्घोषणा आणि गाडीच्या हाताळणीचे आवाज येतात.

भोंग्याचे प्रयोजन सुरक्षा हे आहे. फाटकाअलीकडे रुळांलगत ‘सी/फा’ अशी पाटी असते. तिचा अर्थ ‘फाटकासाठी शिट्टी द्या’ असा होतो. इंजिनालगतच्या डब्यातील प्रवाशाची झोप आणि फाटकातून जाणाऱ्याचा प्राण यांत तुलना संभवत नाही. सबब हा उपद्रव समर्थनीय आहे. तो कमी करण्याचा योग्य मार्ग भोंगा बंद करणे हा नसून फाटकाच्या जागी पूल बांधणे हा आहे.

उद्घोषणेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लोकलमध्ये पुढील स्थानकाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत सांगितले जाते. नवख्या वा दृष्टिहीन प्रवाशाला ती माहिती अत्यावश्यक असते. रोजच्या प्रवाशाला ती निरर्थक असूनही, भाषा असल्यामुळे, ऐकावीच लागते. एकच ध्वनी एकाचा आधार आणि दुसऱ्याचा उपद्रव होतो. त्यामुळे येथे औचित्याची कसोटी घोषणा असावी की नसावी ही नाही. घोषणा किती स्पष्ट, किती संक्षिप्त आणि किती मोठ्याने असावी, ही आहे. अस्पष्ट घोषणा सर्वांत वाईट : ती लक्ष वेधते आणि माहिती देत नाही.

हाताळणीच्या आवाजांत जोडणीचा धक्का व दणका प्रमुख आहे. बोर घाटात १ : ३७ इतका चढ असल्याने लोणावळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून साहाय्यक इंजिने जोडावी लागतात. रात्रीच्या गाडीतील झोपमोडीचे हे कारण निसर्गरचनेतूनच आलेले आहे.

६. मानवी ध्वनी

मानवी ध्वनीचे हेतूवरून दोन भाग पडतात. अहेतुक ध्वनीत घोरणे, खोकला आणि तान्ह्या मुलाचे रडणे येते. त्यांत अनिश्चितता व अवशता हे दोन्ही घटक असतात, परंतु कर्त्याला पर्याय नसल्याने दोष संभवत नाही. दोषाचा विचार सहेतुक ध्वनीपुरताच करावा लागतो. त्याचे चार प्रकार आहेत.

१) समोरासमोरचे संभाषण. गोंगाटात बोलणारा नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये ही प्रवृत्ती नोंदवली. डब्यात यांत्रिक घोष वाढला की प्रत्येक जण मोठ्याने बोलतो, आणि त्या बोलण्याने पुढच्याला आणखी मोठ्याने बोलावे लागते.

२) दूरध्वनीवरील एकतर्फी बोलणे. येथे श्रोत्याला अर्धेच संभाषण मिळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन्ही बाजूंचे संभाषण ऐकणाऱ्यांपेक्षा एकच बाजू ऐकणाऱ्यांचे लक्ष अधिक विचलित झाल्याचे दिसले. पुढचे वाक्य केव्हा आणि कोणते येईल याचा अंदाज न आल्याने मन रिकाम्या जागा भरत राहते. अर्थवत्ता आणि अनिश्चितता येथे एकत्र येतात.

३) हेडफोनविना चालवलेले मोबाईल. लघुचित्रफिती काही सेकंदांनी बदलतात. म्हणजे सूर, भाषा आणि प्रबलता सतत बदलते. लहान स्पीकरमधून मंद्र स्वर जवळजवळ निघत नाहीत. उरतो तो कानाला टोचणारा भाग. शिवाय कर्त्याला सहज पर्याय उपलब्ध असतो, हे श्रोत्याला माहीत असते. तिन्ही घटक पूर्णत्वाने एकवटलेला ध्वनी हाच होय.

४) समूहाचे गायन आणि विक्रेत्यांची हाक. लोकलमधील भजनी मंडळांचे टाळ-भजन सहभागी प्रवाशांना दिवसाचा आधार वाटते. त्याच डब्यात झोप पुरी करू पाहणाऱ्याला तो गोंगाट वाटतो. फेरीवाल्याची हाक हे त्याच्या उपजीविकेचे साधन आहे आणि ती डब्यातून पुढे सरकत असल्याने अल्पकालीन असते. या दोहोंत दोष ठरवताना काळ, स्थळ आणि डब्यातील इतरांची संमती पाहावी लागते.

७. प्रवासाच्या अवस्था आणि आच्छादन

उपरोक्त वर्ग एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. एक ध्वनी दुसऱ्याला ऐकू येऊ देत नाही, या क्रियेस आच्छादन म्हणावे. त्या दृष्टीने प्रवासाच्या तीन अवस्था होतात. (क) स्थिर वेगाच्या अवस्थेत यांत्रिक घोष मानवी ध्वनीला झाकतो. (ख) वेग बदलण्याच्या अवस्थेत मोटारींचा चढता-उतरता स्वर, ब्रेकचा कर्कश आवाज आणि सैल भागांची कुरकुर पुढे येते. (ग) थांब्याच्या अवस्थेत आच्छादन नाहीसे होते. मध्यरात्री सिग्नलला गाडी थांबली की विनावातानुकूलित शयनयानात तोवर लपलेले घोरणे एकाएकी सर्वत्र ऐकू येते, आणि चढ्या आवाजात बोलणाऱ्याचे वाक्य साऱ्या डब्याला कळते.

या नियमावरून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत पहिली विद्युत् गाडी धावली आणि वाफेच्या इंजिनाचा घोष हटू लागला. पुढे रूळ शेकडो मीटरपर्यंत सलग वितळजोडाने सांधले गेले आणि मुख्य मार्गांवरचा खडखडाट विरळ झाला. एलएचबी डबे आले. २५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत बंद दारांची वातानुकूलित लोकल सुरू झाली. प्रत्येक सुधारणेने यांत्रिक ध्वनी घटवला आणि त्याच प्रमाणात आच्छादनही घटवले. अर्थात गाडी जितकी शांत, तितका सहप्रवाशाचा ध्वनी स्पष्ट. अभियांत्रिकीच्या प्रगतीने उपद्रवाचा भार यंत्राकडून माणसाकडे सरकला आहे.

८. निवारण

प्रत्येक वर्गाचे निवारण त्याच्या कारणाला अनुसरून भिन्न असते.

यांत्रिक ध्वनीचे निवारण देखभालीत आहे : रुळांचे पृष्ठघर्षण, वळणांवर वंगण, सपाट चाकांची वेळीच पुनर्कातणी आणि सैल बिजागऱ्यांची दुरुस्ती. यांतील शेवटचे सर्वांत स्वस्त असून प्रवाशाला सर्वाधिक जाणवणारे आहे. तरीही किरकोळ समजून त्याकडे सहज दुर्लक्ष होऊ शकते. व्यवस्थाजन्य ध्वनीचे निवारण रचनेत आहे : घोषणेची स्पष्टता, रात्री तिची पातळी कमी करणे, आणि दृश्य फलकांचा वापर.

मानवी ध्वनीसाठी नियम आहेत. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १४५ डब्यातील उपद्रवाला दंडनीय ठरवते. रात्री १० नंतर मोठ्याने बोलणे व हेडफोनविना संगीत वाजवणे यांस २०२२ मध्ये रेल्वे प्रशासनाने मनाई केली. परंतु नियमाची अंमलबजावणी तक्रारीवर अवलंबून असते आणि तक्रार म्हणजे शेजाऱ्याशी संघर्ष; म्हणून प्रवासी बहुधा मौन पत्करतो आणि त्याची अवशता वाढते. नियमाला परिणामकारक करायचे तर विनंती करणे सोपे झाले पाहिजे. तिकीट तपासनिसाने रात्री १० वाजता डब्यात एकदा सूचना देण्याचा प्रघात पडला, तर पुढची विनंती व्यक्तीची न राहता डब्याची होते.

९. निष्कर्ष

एकूण विवेचनातून तीन विधाने सिद्ध होतात. पहिले : उपद्रव प्रबलतेपेक्षा अनिश्चितता, अर्थवत्ता आणि अवशता यांवर अधिक अवलंबून असतो. दुसरे : यांत्रिक ध्वनी घटताच मानवी ध्वनीचा उपद्रव वाढतो, म्हणून केवळ अधिक शांत गाड्या बांधून हा प्रश्न सुटणार नाही. तिसरे : तिन्ही घटकांपैकी अवशता हाच असा घटक आहे की जो प्रवाशांच्या परस्परव्यवहाराने, कोणत्याही खर्चाविना, त्वरित कमी होऊ शकतो. आपला ध्वनी कमी करावा का, असे शेजाऱ्याला विचारणारा प्रवासी त्याच्या हाती तेच बटण देतो, ज्याच्या केवळ अस्तित्वाने प्रयोगातील व्यक्तींना गोंगाट सुसह्य झाला होता. रेल्वेतील शांततेसाठी रेल्वे जेवढी उत्तरदायी आहे, तेवढाच तिकीट घेऊन डब्यात बसलेला प्रत्येक जण उत्तरदायी आहे.